अकरा आडवा, बारा उभा

कोडेबाई रोजचा पेपर छापून यायच्या आधी वाचतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, छोट्या जाहिरातींसकट. आणि तरीही जगात काय चाललंय ते त्यांना काडीइतकंही ठाऊक नसतं. हे कसं काय, असं ज्याला वाटेल त्याने एकदा प्रूफं वाचून बघावीत. प्रूफ वाचणारा माणूस बातमी वाचत नाही, अक्षरं वाचतो. ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, एकेक शब्द सुटा करायचा, त्याची वेलांटी बघायची, उकार बघायचा आणि पुढे सरकायचं. बातमीत जीव गुंतला की चूक निसटलीच म्हणून समजा. मागे एकदा सरकार पडलं. त्या बातमीत 'मंत्रिमंडळ' सात ठिकाणी दीर्घ झालं होतं. बाईंनी ते सातही ठिकाणी ऱ्हस्व केलं, पान खाली पाठवलं आणि घरी जाऊन झोपल्या. सरकार पडल्याचं त्यांना सकाळी दूधवाल्याकडून कळलं.

"बाई, तुम्ही पेपरात कामाला ना?" तो म्हणाला.

"पेपरात आहे, सरकारात नाही," असं सुनावून बाईंनी दार लावून घेतलं. तापट बाई! पण आतून कानशिलं गरम झाली होती, ते दूधवाल्याला काय माहीत.

कोडेबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर उजव्या कोपऱ्यात शब्दकोडं येतं, ते त्या करतात. एकोणतीस वर्षं. चौकटीची वही, पेन्सिल, दोन खोडरबर, बस. कोड्याखाली त्यांचं नाव छापत नाहीत, त्यामुळे सगळ्या ऑफिसने त्यांचं खरं नावच बाजूला सारलं आणि कोडेबाई हे ठेवलं. त्यांना ते आवडतं. कुणी "मॅडम" म्हटलं तर त्या मागे वळून बघतात, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

कोड्याच्या बाबतीत बाईंचा एक कायदा आहे आणि तो त्यांनी आजवर मोडला नाही. प्रत्येक शब्दाला उत्तर एकच. "दोन उत्तरं निघाली तर ते कोडं नव्हे, चहाटळपणा," असं त्या म्हणतात. म्हणून प्रत्येक कोडं झाल्यावर त्या ते तीनदा तपासतात, वरून खाली, खालून वर आणि मग एक दिवस मध्ये जाऊ देऊन पुन्हा.

त्यांच्या कोड्याचा सर्वांत जुना वाचक त्यांच्याच घरात राहतो. आजोबा, म्हणजे बाईंचे यजमान. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता रेडिओच कोणी ठेवत नाही, त्यामुळे निवांत असतात. दर रविवारी सकाळी सहाला उठून, शाईच्या पेनाने, कोपराने कागद झाकून ते कोडं सोडवतात. शाईच्या पेनाने म्हणजे आत्मविश्वास बघा! एकोणतीस वर्षांत एकदाही बरोबर आलेलं नाही. कारण त्यांची पद्धतच निराळी. मनाला पटला तो शब्द ठणकावून लिहायचा. मग उभ्याचं आडव्याशी जमलं नाही तर तो दोष आडव्याचा. उत्तर पाकिटात घालून ते चिकटवतात आणि सोमवारी बाईंच्या हाती देतात. "तिकिटाचे पैसे कशाला घालवायचे? तू तिकडेच चाललीस ना?" बाई ते पाकीट ऑफिसच्या पेटीत टाकतात. घरात मात्र बायको उत्तर सांगत नाही आणि नवरा विचारत नाही. बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावं पुढच्या रविवारी छापून येतात. आजोबा ती यादी वरपासून खालपर्यंत वाचतात, "हं" म्हणतात आणि नव्या कोड्याला लागतात.

तर झालं असं. एका मंगळवारी डबा खायच्या वेळेला ऑफिसमधली तरणी मंडळी कशावरून तरी हसत सुटली. संगणकावर पेपराचं पान लावणारा पोरगेला गडी काहीतरी दोन शब्द बोलला आणि सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. बाईंना ओ की ठो कळलं नाही. पण त्याही हसल्या. सगळ्यांचं हसून संपल्यावर हसल्या, तिथेच पकडल्या गेल्या.

"बाई, तुम्हाला कळलं?" पान लावणाऱ्याने विचारलं.

"न कळायला काय झालं? ऐकलंय मी," बाई म्हणाल्या.

हे 'ऐकलंय' त्यांचं गेल्या काही वर्षांतलं लाडकं उत्तर. अमुक गाणं? ऐकलंय. तमुक खेळाडू? ऐकलंय. एकदा कोणीतरी विचारलं, ती नवी चप्पल बघितली का, तर तिथेही बाई "ऐकलंय" म्हणून मोकळ्या झाल्या. विचारलं की आपलं वय कळतं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. चाळिशीत असताना त्या कुणालाही बिनधास्त विचारायच्या, "हे काय रे?" साठी उलटली आणि तोंडाला कुलूप लागलं.

त्याच दुपारी पुरवणीच्या नव्या मॅडमनी त्यांना आत बोलावलं. मॅडम तेहतिशीच्या. बोलायला गोड, पण कामाला चोख. टेबलावर कागद काढूनच बसल्या होत्या.

"बाई, कोड्याला उत्तरं किती येतात माहीत आहे? गेल्या रविवारी नऊ."

नऊतलं एक आमच्या घरचं, हे बाई बोलल्या नाहीत.

"तुमचे शब्द सुंदर असतात हो. पण 'उखळाचा सोबती, तीन अक्षरी'? माझ्या घरी उखळ नाही आणि मुसळही नाही. तरुण मुलं पान उलटून पुढे जातात. बाहेर एक कंपनी आहे, यंत्रावर तयार केलेली कोडी देते, आजचे शब्द घालून. एक तारखेपासून ती घ्यायची असं वर चाललंय."

बाईंनी टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढून पाहिला. प्रूफं काय, उद्या यंत्र तपासेल, तपासू दे. पण कोडं? आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि एक दिवस स्वतःचं काहीतरी करायचं, यावर त्या जगत होत्या.

"मी अडवून धरलंय," मॅडम म्हणाल्या. "येत्या रविवारचं एक कोडं मला आजचं करून द्या. आजची भाषा, आजच्या गोष्टी. चार नवी माणसं जरी जोडली गेली तरी मी वर जाऊन भांडेन."

"देते की," बाई म्हणाल्या. बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या आणि चौकटीची वही उघडली.

आता आजचं म्हणजे काय आणि ते आणायचं कुठून? घरी गेल्यावर त्यांनी आधी आजोबांना विचारून पाहिलं, "अहो, सध्याचा गाजलेला नट कोण?" आजोबांनी पटकन एक नाव सांगितलं. तो नट जाऊन अकरा वर्षं झाली होती, हे निदान बाईंना ठाऊक होतं, कारण त्याच्या निधनाच्या बातमीत 'श्रद्धांजली' चुकली होती.

मग उरली नात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, घरात असते तेव्हाही कानात काहीतरी घातलेलं. बाईंनी पदर खोचला आणि तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या. हातात वही.

"मला तुमचे शब्द हवेत."

"आमचे म्हणजे?"

"जे तुम्ही बोलता आणि मला कळत नाहीत ते."

नातीने कानातलं काढलं. अशी मागणी तिच्याकडे आजवर कुणी केली नव्हती. पोरगी खूश झाली, मांडी ठोकून बसली. पहिला शब्द दिला, घोस्टिंग.

"ते काय असतं?"

"म्हणजे आजी, कोणी मेसेज केला की बघायचा, पण उत्तर द्यायचं नाही. कितीही हाका मारू दे. गायबच व्हायचं."

"अगं, मग हे नवीन कुठे आहे? भाजी आणता का म्हटलं की तुझे आजोबा चाळीस वर्षं हेच करताहेत!"

दोघी इतक्या हसल्या की आजोबा दारात येऊन बघून गेले. बाईंनी वहीत लिहिलं, 'हाका मारून घसा बसला तरी ओ न देणे (३)'. घो, स्टिं, ग. तीन घरं. बसलं की चपखल! मग रील आली. बाईंना दोऱ्याचं रीळ माहीत, नातीला फोनमधली. 'शिंप्याचा दोरा गुंडाळते, नातीचा दिवस (२)'. इथे 'रीळ' की 'रील' यावर बाई पाच मिनिटं स्वतःशीच भांडल्या आणि मग 'रील'ला मान्यता दिली. व्हायरल आलं. 'तापही असतो आणि थापही असते (४)'. क्रश आलं. नातीने अर्थ सांगितला तेव्हा बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वेळीसुद्धा असायचं. नाव नव्हतं एवढंच." मग लिहिलं, 'जीव जडलाय, पण त्याला पत्ता नाही (२)'.

तीन दिवस हा उद्योग चालला. नात कॉलेजातून आली की तिच्याकडून शब्द काढून घ्यायचे, स्वयंपाक करता करता त्यांचे अर्थ जुळवायचे. बाईंच्या अंगात कुठून उत्साह संचारला होता कुणास ठाऊक. बाई फोडणी टाकताना मध्येच "सापडलं!" म्हणून ओरडायच्या आणि आजोबा दचकायचे. नातीला वाटायला लागलं होतं की आजी म्हणजे भलतंच प्रकरण आहे, आपल्याला इतके दिवस कळलं कसं नाही.

गुरुवारी सकाळी कोडं जवळपास भरत आलं. एक आडवा शब्द तेवढा बाकी होता, अकरा नंबरचा, तीन अक्षरी. सुरुवात ख ने व्हायला हवी होती. नात आरशासमोर केस बांधत होती, उशीर झालेला, दातांत तीन पिना धरलेल्या.

"एवढं शेवटचं सांग गं," बाई म्हणाल्या. "सध्या सगळ्यांच्या तोंडी काय आहे? ख वरून काही?"

"खट्‌आ!" नात पिनांमधून म्हणाली.

"काय?"

"खट्‌आ! सगळे त्याच्याच मागे आहेत आजी. रोज नवीन काहीतरी बाहेर येतं. आमच्या वर्गात दुसरा विषयच नाही!"

खटला, बाईंनी ऐकलं. आता कुठला खटला, कुणावरचा खटला, हे विचारायला तोंड उघडलं होतं. पण सगळा वर्ग ज्याच्यावर बोलतोय तो खटला पेपरात काम करणाऱ्या बाईला माहीत नसावा? तीन दिवसांत पोरीच्या नजरेत कमावलेला मान एका प्रश्नात घालवायचा? शिवाय गेला आठवडाभर 'खटल्याची सुनावणी' त्यांच्या पट्टीखालून किती वेळा गेली होती. 'सुनावणी'तला णी दीर्घ केल्याचं त्यांना स्पष्ट आठवत होतं.

"हो हो, तो होय," बाई म्हणाल्या. "ऐकलंय."

नात पिना खोचून पळाली. बाईंनी लिहिलं, अकरा आडवा, 'सध्या सगळे ज्याच्या मागे आहेत. रोज नवीन काहीतरी बाहेर येतं (३)'. खटला. त्यातल्या शेवटच्या 'ला'पासून खाली बारा नंबरचा उभा शब्द सुरू होत होता, दोन अक्षरी. लाठी. त्याला सोपं लिहून टाकलं, 'सोबत असली की म्हाताऱ्या माणसाला धीर येतो (२)'. वरून खाली तपासलं, खालून वर तपासलं. एक दिवस मध्ये जाऊ द्यायला वेळ नव्हता. दुपारी कोडं मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

रविवार उजाडला. आजोबांनी सहाला उठून नेहमीप्रमाणे कोपराखाली कोडं सोडवलं, पाकीट चिकटवलं आणि दारापाशी ठेवून दिलं. नात आठला उठली, आणि जन्मात पहिल्यांदा, पेपर घेऊन टेबलाशी बसली. बाई चहा गाळता गाळता तिरक्या नजरेने बघत होत्या. पोरगी भराभर लिहीत होती आणि प्रत्येक शब्दाला खुदकन हसत होती. बाईंना वाटलं, आता मॅडमनी कोडं बंद केलं तरी चालेल. म्हणजे चालणार नव्हतंच, पण त्या क्षणी वाटलं खरं.

"आजी!" नात किंचाळली. "तू खटका टाकलास? माझा खटका? अगं, मैत्रिणी वेड्या होतील!"

"खटला," बाई म्हणाल्या.

"खटका गं."

"खटला. कोर्टातला."

"कोर्टातला काय? खटका! गायक आहे आजी! मी तुला सांगितलं नव्हतं का?" तिने फोन पुढे केला. त्यात एक दाढी कोरलेला पोरगा दात ओठ खाऊन इतकं भरभर बोलत होता की बाईंना एक वेलांटी धरता येईना.

बाईंनी चहाचं पातेलं खाली ठेवलं. पेन्सिल घेतली. ख, ट, का. बसतंय. खाली का, ठी. काठी. 'सोबत असली की म्हाताऱ्या माणसाला धीर येतो.' तेही बसतंय! खालच्या घराच्या दोन्ही बाजूंना काळी घरं, म्हणजे तिकडूनही कोणी अडवणारं नाही. खटला नि लाठी, खटका नि काठी. दोन्ही बरोबर. एकोणतीस वर्षांचा कायदा, आणि मोडला कधी, तर नेमक्या परीक्षेच्या दिवशी.

"मेले!" बाई मटकन खाली बसल्या. "एका कोड्याची दोन उत्तरं. आता काढतातच मला."

"माझं बोलणं तुला नीट ऐकू आलं नव्हतं, तर परत विचारायचं ना," नात म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता.

"लाज वाटली गं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, म्हणशील आजीला काहीच माहीत नाही."

"पण आजी, तुला काहीच माहीत नाही म्हणून तर मजा येत होती!"

तेवढ्यात आजोबा आतून आले. त्यांनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. "लाठीही नाही आणि काठीही नाही," ते म्हणाले. "दोघीही चुकलात." आणि शर्टाला बटणं लावत फिरायला निघून गेले. त्यांच्याकडे लक्ष द्यायला त्या वेळी सवड कुणाला होती!

सोमवारी बाई ऑफिसला गेल्या त्या राजीनाम्याची भाषा मनात जुळवतच. पर्समध्ये आजोबांचं पाकीट. पेटीत टाकायलाही हात होईना, पण सवयीने टाकलं. वर आल्या तर मॅडमच्या टेबलाभोवती ही गर्दी! पान लावणारा फोन हातात घेऊन एकेक मेसेज मोठ्याने वाचत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते.

"या, या!" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "बाई, एकशे त्र्याऐंशी! आणि अजून येताहेत!"

"मेसेज?"

"भांडणं! घरोघरी भांडणं लावलीत तुम्ही! ऐका." मॅडमनी फोन ओढून घेतला. "'आमचे सासरे लाठी म्हणतात, मी काठी म्हणते. काल दुपारपासून बोलणं बंद आहे. निकाल लवकर कळवावा.' हे दुसरं. 'माझा मुलगा म्हणतो की खटका नावाचा गायक आहे. असा गायक खरोखर आहे का? नसल्यास मुलाला पेपरातर्फे समज द्यावी.' आणि हे बघा, एका मुलीचं. 'आजोबांना पटवायला मी त्यांना खटकाचं अख्खं गाणं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, लाठी.'"

पुन्हा हशा पिकला. या वेळी बाईंना विनोद कळला होता, पण हसू येत नव्हतं.

"काय डोकं लावलंत बाई!" मॅडम म्हणाल्या. "एकच कोडं, म्हाताऱ्यांना एक उत्तर, तरुणांना दुसरं, आणि दोन्ही बरोबर! यंत्राच्या बापाला जमणार नाही. मुद्दाम केलंत ना?"

सगळे बाईंकडे बघत होते, कौतुकाने. एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. 'हो' अगदी ओठावर आलं होतं. कुणाला कळणार होतं? पण ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ मारली, तिला स्वतःची चूक सजवून मिरवता येईना.

"नाही," बाई म्हणाल्या. "चूक आहे ती. नातीच्या दातांत पिना होत्या, मला खटला ऐकू आलं. पुन्हा विचारायची लाज वाटली. म्हटलं, म्हातारी झालीय हे कळेल. खटका मला माहीत नाही. त्या दिवशी डबा खाताना तुम्ही हसलात तेही मला कळलं नव्हतं. मी उगाच हसले."

एवढं त्या एका दमात बोलून गेल्या. मग पान लावणारा हळूच म्हणाला, "बाई, त्या दिवशी अर्ध्या लोकांना कळलं नव्हतं. ते पण उगाच हसले."

"त्यात मी होते," मॅडम म्हणाल्या. "आणि खटका मला तरी कुठे माहीत होता? काल भाच्याला फोन करून विचारलं. मी पण सगळीकडे 'हो, बघितलंय' म्हणून वेळ मारून नेते. तेहतीस वर्षांची आहे मी, बाई!"

बाईंनी मॅडमकडे बघितलं. खरं सांगायचं तर त्यांना भयंकर बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढून अर्धी एका घोटात संपवली.

तेवढ्यात खालून पेटीतली पाकिटं आली. हल्ली पाकिटं म्हणजे दोन-तीनच. मॅडमनी वरचंच फोडलं आणि वाचता वाचता डोळे पुसायला लागल्या. "अरे, हे बघा, हे दर आठवड्याला लिहिणारे गृहस्थ! यांनी तर तिसरंच काढलंय. 'बारा उभा: नात. सोबत असली की म्हाताऱ्या माणसाला धीर येतो, यात शंकाच नाही. मला स्वतःला अनुभव आहे. अकरा आडवा त्यामुळे खटना असा येतो. हा नवीन गायक असावा. हल्ली अशीच नावं असतात.'"

हसण्याचा असा कल्लोळ उठला की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. फक्त बाई हसत नव्हत्या. त्यांनी तो कागद मॅडमच्या हातातून घेतला. शाईचं पेन, ठणकावून लिहिलेलं अक्षर. बाकीची घरं या वेळी चक्क बरोबर, तीन दिवस घरात दुसरं काही कानावर पडलंच नव्हतं ना. नात. दोन घरं, पुरेपूर भरलेली.

"कोण आहेत हो हे?" मॅडमनी विचारलं.

"आमचेच आहेत," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी आवरेना.

निकाल मात्र सहजासहजी लागला नाही. मॅडम म्हणाल्या, तिन्ही उत्तरं बरोबर धरू. बाई उसळल्या. "खटना? खटना हा शब्दच नाही! उद्या कोणीही काहीही लिहील!" चूक कबूल केली म्हणून कायदा सोडायचा असतो का? अर्धा तास वाद झाला. शेवटी बाई एवढ्यावर आल्या की लाठी आणि काठी दोन्ही चालतील, आणि नात हे फक्त या एका खेपेला, अपवाद म्हणून, आणि खटना छापताना पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. मॅडमनी हात जोडले. मग त्या वर गेल्या, वीस मिनिटांनी खाली आल्या आणि म्हणाल्या, "कंपनीला नकार कळवलाय. कोडं तुमचंच. फक्त पिना काढल्यावर विचारत जा."

त्या संध्याकाळी बाईंनी घरी जाऊन नातीला गदागदा हलवलं आणि खटकाचं गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. दर दोन ओळींनी थांबवून त्या विचारत होत्या, "हे काय म्हणाला? परत लाव. आता हे काय?" पोरगी कंटाळली, पण बाई हटल्या नाहीत. आजोबा शेजारी बसून मान डोलवत होते. त्यांचं म्हणणं, खटना याच्यापेक्षा बरा गात असणार. पाकिटाचं बाईंनी त्यांना अवाक्षर सांगितलं नाही. घरचा नियम तो नियम.

शनिवारी पुरवणीचं प्रूफ बाईंच्या पट्टीखाली आलं. शेवटचं पान, उजवा कोपरा. मागच्या कोड्याची उत्तरं, आणि त्याखाली बरोबर उत्तर देणाऱ्यांची यादी, या वेळी इतकी लांब की दोन रकाने करावे लागले होते. एकेक नाव सुटं करत बाई खाली सरकत होत्या. दुसऱ्या रकान्यात, मध्यावर, ते नाव आलं. पहिलीच वेलांटी चुकली होती. एकोणतीस वर्षांनी नाव छापून येतंय आणि त्यातही ऱ्हस्वाचं दीर्घ! बाईंनी ती जागच्या जागी दुरुस्त केली. मग पट्टी बाजूला ठेवली आणि तीच ओळ पुन्हा वाचली, माणसं बातमी वाचतात तशी. पेपरातली एक बातमी तरी त्यांना छापून यायच्या आधी कळली होती.

रविवारी सकाळी सहाला बाई जाग्याच होत्या. डोळे मिटून पडून राहिल्या. बाहेर पेपर उलगडल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली.

"अगं!" आजोबांनी बाहेरूनच हाक मारली. "अगं ए, ऐकलंस का, पेपरात काय आलंय?"

बाई उठून बसल्या. चष्मा शोधायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "काहीच नाही ऐकलं. इकडे या आणि मला वाचून दाखवा."